संवादकौशल्य नेमके कोणाला शिकवायचे? : ‘पिग्मॅलियन’ व ‘ती फुलराणी’ यांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

संवादकौशल्य हा विषय आता महाविद्यालयीन अभ्यासक्रमात चांगलाच स्थिरावला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीस्तरासाठी ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम तयार केला. संवादकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन आणि वैश्विक मानवी मूल्ये असे त्याचे चार भाग होते. त्याच्या कितीतरी आधीपासून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाने आपल्याकडे शिबिरे, कार्यशाळा आणि व्याख्याने होत आली आहेत. या सर्व उपक्रमांत दोन संज्ञा हटकून भेटतात : आत्मविश्वास आणि भावनिक बुद्धिमत्ता. विद्यार्थ्याजवळ आत्मविश्वास नाही म्हणून त्याला बोलता येत नाही, त्याला स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखता येत नाहीत म्हणून त्याचा संवाद फसतो, असे गृहीत धरून पुढची सारी मांडणी केली जाते. उणीव बोलणाऱ्यात आहे आणि ती भरून काढणारे आपण आहोत, हे त्यामागचे न बोललेले सूत्र होय.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक एका नाटकाच्या आधारे तपासावयाचे आहे. ते नाटक म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ आणि पु. ल. देशपांडे यांनी त्याचे केलेले मराठी रूपांतर ‘ती फुलराणी’. मानसशास्त्राचा विषय सोडून नाटकाकडे का वळावे, असा प्रश्न समाजशास्त्र व वाणिज्य शाखेतील सहकाऱ्यांना पडेल. त्याचे उत्तर साधे आहे. एका माणसाने दुसऱ्याला ‘नीट बोलायला’ शिकवण्याचा प्रयोग पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत, आणि मुख्य म्हणजे निकालानंतरच्या रात्रीसह, या नाटकात पाहायला मिळतो. आपली प्रशिक्षणे प्रमाणपत्रापाशी संपतात.

एलायझा आत्मविश्वासहीन आहे काय?

‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत झाला आणि १९१४ मध्ये ते लंडनच्या रंगभूमीवर आले. ओव्हिडच्या कथेतील शिल्पकार आपण घडवलेल्या मूर्तीवर भाळतो आणि देवी तिच्यात प्राण घालते. त्या कथेत मूर्ती एक शब्दही बोलत नाही. शॉची मूर्ती बोलते, आणि बोलू लागल्यावर शिल्पकाराला जाब विचारते.

पहिल्या अंकात पावसापासून आडोसा घेऊन उभ्या असलेल्या गर्दीत फुले विकणारी एलायझा आहे. कोणीतरी आपले बोलणे टिपून घेत आहे, हे कळताच ती भेदरते. हा पोलिसांचा माणूस असावा आणि एका सभ्य गृहस्थाशी बोलल्याबद्दल आपल्यावर आळ येईल, अशी तिची धास्ती. ती रडू-ओरडू लागते, आपण चांगल्या चालीची मुलगी आहोत असे पुनःपुन्हा सांगते. तिथे जमलेल्या प्रतिष्ठितांना हा आक्रस्ताळेपणा वाटतो. आजचा एखादा प्रशिक्षक म्हणेल, हिला भावनांचे नियमन करता येत नाही. परंतु रस्त्यावर फुले विकणाऱ्या गरीब मुलीच्या संदर्भात तिची भीती अगदी यथार्थ आहे. परिस्थितीचे तिने केलेले वाचन अचूक आहे. फक्त ते वाचन ज्या जगातले आहे, त्या जगात बाकीचे राहत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी हीच मुलगी आपणहून हिगिन्सच्या घरी जाते. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे. त्यासाठी बोलणे सुधारले पाहिजे, हे तिला पक्के ठाऊक आहे. शिकवणीचे पैसे देण्याची तिची तयारी आहे आणि एका तासाला एक शिलिंग हा दरही तिनेच ठरवला आहे. अनोळखी, उच्चभ्रू, आदल्या रात्री आपला पाणउतारा करणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन कामाचे बोलणे करायचे, याला आत्मविश्वास म्हणायचे नाही तर कशाला? हिगिन्सलाही हिशेब कळतो : तिच्या मिळकतीच्या मानाने ती शिलिंग एखाद्या लक्षाधीशाच्या साठ-सत्तर गिनींइतकी आहे. पण हिशेब कळला तरी त्यामागची व्यक्ती त्याच्या ध्यानात येत नाही. क्षणार्धात ती गिऱ्हाईक न राहता प्रयोगाची वस्तू बनते. या मुलीला काही भावना असतील, हे तुमच्या लक्षात येते का, असे पिकरिंग त्याला विचारतो. हिगिन्सच्या मते, काळजी करण्यासारख्या तरी नाहीत. हिचे पुढे काय होणार, असे घर सांभाळणारी श्रीमती पिअर्स विचारते. तो प्रश्नही हसण्यावारी जातो.

म्हणजे प्रशिक्षणाच्या प्रारंभी विद्यार्थिनीकडे हेतू आहे, धैर्य आहे आणि व्यवहारज्ञानही आहे. इतरांच्या भावना ओळखणे ज्याला जमत नाही, तो तिचा शिक्षक आहे. हा उलटा नकाशा शॉने हेतुपूर्वक काढला आहे, असे मला वाटते.

शुद्ध उच्चार आणि फसलेला संवाद

तिसऱ्या अंकातील प्रसंग संवादकौशल्याच्या प्रत्येक अध्यापकाने वाचावा असा आहे. हिगिन्सच्या आईकडे पाहुणे आले आहेत. एलायझाची ही पहिली चाचणी. हवापाण्याविषयी आणि प्रकृतीविषयी बोलायचे, एवढीच तिला मुभा आहे. तिचे उच्चार निर्दोष आहेत, बसणे-उठणे निर्दोष आहे, आवाजात जराही कंप नाही. आणि या निर्दोष उच्चारात ती आपल्या मावशीच्या मृत्यूची हकीगत सांगू लागते : लोक म्हणतात ती तापाने गेली, पण तिच्या मते घरच्यांनीच तिचा काटा काढला. प्रेक्षक हसून लोळतात. पाहुण्यांपैकी काहींना ही बोलण्याची नवी फॅशन वाटते.

आपल्या मूल्यमापन तक्त्यात या एलायझाला किती गुण मिळतील? उच्चार पूर्ण, देहबोली पूर्ण, नजरभेट पूर्ण, आत्मविश्वास पूर्ण. संवाद मात्र झालेलाच नाही. कोणासमोर, कशासाठी बोलायचे हे तिला कोणी सांगितले नाही. ध्वनी शिकवले, प्रसंग शिकवला नाही. त्याहून मार्मिक गोष्ट अशी की, तिने सांगितलेली हकीगत तिच्या जगात अत्यंत गंभीर आहे. घरात संशयास्पद मृत्यू झाला आहे आणि त्याविषयी ती बोलू पाहते आहे. ऐकणाऱ्यांच्या दिवाणखान्यात त्या दुःखाला जागा नाही म्हणून ते विनोदी ठरते. आपल्याकडे ‘माझा अविस्मरणीय प्रसंग’ या विषयावर बोलताना विद्यार्थी कधी कधी घरातल्या आत्महत्येविषयी किंवा जमीन गहाण पडल्याविषयी बोलू लागतो आणि वर्ग अवघडतो. तेव्हा विषयाचा औचित्यभंग झाला असे आपण म्हणतो. विषय कोणी दिला होता, हे विसरतो.

पिकरिंगचे शिक्षण आणि त्याची मर्यादा

शेवटच्या अंकात एलायझा आपल्या शिक्षणाचा जमाखर्च मांडते. उच्चार हिगिन्सने शिकवले हे तिला मान्य आहे. पण आपले खरे शिक्षण सुरू झाले ते पिकरिंगने पहिल्याच दिवशी ‘मिस डूलिटल’ म्हणून हाक मारली तेव्हा, असे ती सांगते. तो तिच्यासाठी उठून उभा राहत असे, दार उघडून धरत असे. फुलवाली आणि प्रतिष्ठित स्त्री यांतला फरक त्यांच्या वागण्यात नसून त्यांना कसे वागवले जाते यात आहे, हा तिचा निष्कर्ष. हिगिन्सचा यावर बचाव असा की, मी सर्वांनाच सारखे वागवतो. सरदारणीशीही फुलवालीसारखाच वागतो. वरवर पाहता यात समता आहे. पण सरदारणीला त्याच्या फटकळपणाने काही फरक पडत नाही, तिची पत तिच्याजवळ आहे. फुलवालीजवळ नाही. ‘मी सगळ्यांनाच ओरडतो’ असे अभिमानाने सांगणारे अध्यापक आपण पाहिले आहेत; कदाचित आपणही तसेच असू.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेच्या जाणिवेचे चार स्रोत सांगितले : प्रत्यक्ष यशाचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याचे यश पाहणे, विश्वासू व्यक्तीने दिलेला धीर आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. या चारांपैकी एकही स्रोत ‘आत्मविश्वास बाळगा’ या उपदेशातून निर्माण होत नाही. सगळ्यांना बाहेरचे काहीतरी लागते : जमण्याजोगे काम, शेजारचा माणूस, ऐकणारा कान. एलायझाचे म्हणणे आणि बांडुरांचे म्हणणे यांत फारसे अंतर नाही.

तथापि पिकरिंगला आदर्श शिक्षक ठरवण्याची घाई करू नये. पैज त्यानेच लावली होती. यशस्वी समारंभाच्या रात्री हिगिन्ससह तोही स्वतःच्याच विजयावर बोलत राहतो आणि जिने तो मिळवून दिला तिचे अभिनंदन करायचे दोघेही विसरतात. हे दोघे जिवंत बाहुलीशी खेळणारी मुले आहेत, असे हिगिन्सची आई म्हणते, त्यात पिकरिंगही आला. सौजन्य हवेच, पण सौजन्याने ‘आता मी कशाच्या लायकीची उरले?’ या एलायझाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. फुले विकता येत नाहीत आणि दुकान मिळालेले नाही, अशा मधल्या जागी तिला आणून सोडले आहे. पदवी, दोन प्रमाणपत्रे आणि सफाईदार परिचय-भाषण घेऊन गावी परतलेला आपला विद्यार्थी याच जागी उभा असतो.

हिगिन्सच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याने दिलेले कौशल्य खरे आहे. शेवटी एलायझा त्याला जेव्हा सांगते की मी स्वतः उच्चारशास्त्र शिकवीन, त्याच्या प्रतिस्पर्ध्याची साहाय्यक होईन, तेव्हा त्याचा तोल जातो. नुसत्या मायेने तिला हे बळ आले नसते. प्रमाणभाषा, सभेत उभे राहून मुद्देसूद बोलणे, मुलाखतीची भाषा ही सत्तेची साधने आहेत आणि ती वंचितांच्या हाती गेलीच पाहिजेत. ‘बोलीचा सन्मान’ एवढे म्हणून ती न शिकवणे ही वेगळ्या प्रकारची फसवणूक होय.

भावनिक बुद्धिमत्ता : कोणाची मागणी, कोणाकडे?

पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. १९९७ मध्ये त्यांनी तिच्या चार शाखा सांगितल्या : भावना ओळखणे, विचारासाठी भावनांचा उपयोग करणे, भावना समजून घेणे आणि त्यांचे व्यवस्थापन करणे. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर लोकप्रिय केली. लोकप्रिय होताना तिचा भार चौथ्या शाखेवर सरकला, असे माझे निरीक्षण आहे. ओळखणे आणि समजून घेणे मागे पडले. आवरणे तेवढे पुढे आले. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच, विमानातील सेविकांच्या अभ्यासातून, हसतमुख राहणे हा कामाचाच भाग कसा बनतो आणि त्याची किंमत कर्मचाऱ्याला कशी मोजावी लागते, हे दाखवले होते. राग गिळण्याची अपेक्षा सहसा खालच्या पायरीवरच्याकडून केली जाते. वरच्याचा राग ‘शिस्त’ म्हणून खपतो.

इथे ‘ती फुलराणी’ मदतीला येते. १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या रूपांतरात पुलंनी लंडनच्या वर्गभेदाचे उच्चार मराठीतील ‘शुद्ध-अशुद्ध’च्या वादात आणून ठेवले. हे स्थलांतर वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीत तो भेद प्रामुख्याने वर्गाचा. आपल्याकडे ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांमधल्या ण-नच्या अंतरात वर्गाबरोबर जात, गाव आणि शाळेचे माध्यम असे सगळेच सामावलेले असते. ‘प्रमाण’ म्हणण्याऐवजी ‘शुद्ध’ म्हणण्याची आपली सवयच ते सांगून टाकते. कारण शुद्धच्या समोर अप्रमाण उभे राहत नाही, अशुद्ध उभे राहते. पुलंच्या विनोदाने हा काटा जरा बोथट केला, अशी तक्रार करता येईल. पण मंजुळेचे ते प्रसिद्ध स्वगत पाहिल्यावर ती तक्रार मला पूर्णपणे टिकवता येत नाही.

प्राध्यापक जहागीरदारांना चांगलाच धडा शिकवण्याची प्रतिज्ञा करणारे हे स्वगत शॉच्या मूळ नाटकात नाही. त्याचे नाते ‘माय फेअर लेडी’ या १९५६ च्या संगीतिकेतील गाण्याशी आहे. मराठीत मात्र ते गाण्याच्या पलीकडे गेले. मंजुळा इथे तिच्या स्वतःच्या बोलीत बोलते. तिच्यावर कोणी उच्चार लादत नाही, आणि तिची भाषा कल्पनेने, उपरोधाने, लयीने भरून येते. ज्या मुलीला ‘बोलता येत नाही’ म्हणून शिकवणी लावली, ती या काही मिनिटांत नाटकातल्या कोणाहूनही अधिक प्रभावीपणे बोलते. आपल्यावर अन्याय होतो आहे हे ओळखणे, त्याला राग हे नाव देणे आणि तो राग कल्पनेत का होईना, योग्य माणसाकडे वळवणे ही सॅलोवे-मेयर यांच्या पहिल्या तिन्ही शाखांची कामगिरी आहे. चौथीत ती नापास होईल, आणि तेच बरे.

भक्ती बर्वे यांनी ही भूमिका गाजवली. त्या मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिकाही होत्या, म्हणजे प्रमाण उच्चारांचा वस्तुपाठ देणारा तोच कंठ मंजुळेची बोली बोलत होता. पुढे हे स्वगत एकपात्री अभिनयाच्या स्पर्धांचे आवडते झाले. स्नेहसंमेलनात ते सादर करणारी विद्यार्थिनी मास्तरांवर आग पाखडते आणि पहिल्या रांगेत बसलेले आम्ही मास्तर टाळ्या वाजवून बक्षीस देतो. ही गंमत पुलंनाही आवडली असती.

मूक विद्यार्थी

शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम तपासणाऱ्या संशोधनाला या नाटकाचेच नाव मिळाले आहे. रोझेंथल व जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना काही मुलांची नावे ‘लवकरच चमकणारी’ म्हणून दिली होती. प्रत्यक्षात ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस लहान इयत्तांतील त्या मुलांच्या बुद्धिगुणांकात वाढ दिसली, वरच्या इयत्तांत तशी दिसली नाही. या अभ्यासावर पद्धतीविषयक टीका खूप झाली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. नंतरच्या आढाव्यांनुसार अपेक्षेचा परिणाम सर्वसाधारणपणे लहानच असतो. परंतु समाजाने आधीच खालचे मानलेल्या गटांतील विद्यार्थ्यांवर तो अधिक होऊ शकतो. आपल्या वर्गात नेमके तेच विद्यार्थी बसलेले असतात.

मला त्याहून अधिक पटतो तो विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ च्या सुमारास नोंदवलेला अनुभव. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरे देत होता. अशा मुलांजवळ भाषाच नसते, असा तेव्हाचा एक शैक्षणिक समज. मुलाखत घेणारा परका नव्हता, त्याच वस्तीची जाण असलेला कृष्णवर्णीय माणूस होता; तरीही मुलगा गप्पच. पुढच्या वेळी मुलाखतकार बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, मुलाच्या मित्राला सोबत बसवले, स्वतः जमिनीवर बसला आणि मोठ्यांसमोर उच्चारू नयेत असे शब्द आपणच आधी उच्चारले. मग दोन्ही मुले एकमेकांना थांबवत, भांडत बोलू लागली. मुलात काहीही बदलले नव्हते. बदलली होती ती ऐकणाऱ्याची बैठक.

याचे प्रत्यंतर मला फार उशिरा आले. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी गटचर्चेच्या तोंडी परीक्षेत दहा मिनिटे खाली मान घालून बसला. तक्त्यात ‘आत्मविश्वास’ या रकान्यासमोर पाच गुण होते. मी एक दिला. पंधरा दिवसांनी कामानिमित्त बाजार समितीच्या आवारात गेलो असता तोच विद्यार्थी कांद्याच्या लिलावात, ट्रॉलीवर उभा राहून, भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलताना दिसला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. मालाची प्रत, कालचा भाव, शेजारच्या ट्रॉलीला मिळालेला भाव हे मुद्दे त्याने क्रमाने मांडले, समोरच्याला माघार घेण्याजोगी वाट ठेवली आणि योग्य वेळी गप्प राहिला. गटचर्चेच्या पुस्तकात जे जे लिहिलेले असते ते सर्व तिथे होते. माझ्यावर नजर पडताच मात्र तो ट्रॉलीवरून खाली उतरला आणि अडखळत ‘नमस्कार सर’ म्हणाला. त्या अडखळण्याचे कारण त्याच्यात शोधावे की माझ्यात, हा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही.

त्यानंतर मी माझ्यापुरता काही बदल केला. तोंडी परीक्षा दोन टप्प्यांत घेऊ लागलो. पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्याने आपल्याला पक्की माहिती असलेल्या कामाविषयी, हव्या त्या बोलीत, मित्राला सोबत घेऊन बोलायचे. परीक्षकाने मधे न थांबवता ऐकायचे आणि शेवटी खरोखर न समजलेली एक तरी गोष्ट विचारायची. दुसऱ्या टप्प्यात तोच आशय प्रमाणभाषेत, औपचारिक प्रसंगाला धरून मांडायचा. दोन्ही टप्प्यांच्या मध्ये आठवडा ठेवला. ‘आत्मविश्वास’ हा रकाना काढून टाकला.

विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यावर आक्षेप घेतला. प्रत्येक जण वेगळ्या विषयावर, वेगळ्या भाषेत बोलणार असेल तर गुणांची तुलना कशी करायची, आणि बाहेर नोकरीच्या मुलाखतीत त्याला कोण पहिला टप्पा देणार आहे, असे त्यांचे म्हणणे. दुसरा आक्षेप बिनतोड आहे. पहिल्यावर उपाय म्हणून पहिल्या टप्प्याचे गुण आम्ही अंतिम बेरजेत धरत नाही. साहजिकच काही विद्यार्थी त्या दिवशी येतच नाहीत. कांदेवाल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरील तो एक गुण तोवर विद्यापीठाकडे गेलेला होता.